तीन महिने काही द्यायचं नाही

कोर्टात मी तोंड आवरलं असतं तर रोंडाचं काम त्याच दिवशी झालं असतं, असं आमच्या बेटावर पुष्कळ वर्षं म्हणत. म्हणणारे आता दोघं-तिघंच उरलेत, आणि त्यांनाही ऐकू कमी येतं म्हणून ओरडून म्हणतात. पण ते खरं आहे.

ही एकोणीसशे सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्याची गोष्ट. तेव्हा बेटावर बारमाही राहणारी अठ्ठेचाळीस माणसं होती. एक शाळा, एक दुकान आणि आठवड्यातून तीनदा येणारी टपालाची बोट. बंदरावरच्या घरात मी एकटी राहायचे आणि शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडायच्या पिंजऱ्यांच्या तोंडाला लागणाऱ्या जाळ्या विणायचे. त्या वेळी बेटावरच्या बायका हेच करत. हातात सुई आणि नजर बंदरावर. कोणाची बोट कधी गेली, कधी परतली, हे आम्हाला न विचारता कळायचं.

रोंडा क्राउली माझ्या मैत्रिणीची, आर्लीनची मुलगी. आर्लीन वारली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दोन वर्षांनी तिचा मोठा भाऊ डेल गेला. पिंजरा पाण्यात सोडताना दोराचा वेढा त्याच्या पायात अडकला आणि पिंजऱ्यामागोमाग तोही खाली गेला. वीस वर्षांचा पोरगा. बाप, मर्टन, त्याच बोटीवर होता. पुढच्या उन्हाळ्यात मर्टनने आपली बोट विकली, समुद्रापासून गाडीने दोन तास आत एका कागदाच्या गिरणीत नोकरी धरली आणि रोंडाला म्हणाला, "सामान बांध."

रोंडा म्हणाली, "मी येत नाही."

त्यामागे नुसता हट्ट नव्हता. आमच्या समुद्राला कुंपण नाही, पण कुणाचं पाणी कुठून कुठवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पूर्वेच्या खडकापासून सीलांच्या कपारीपर्यंतचं पाणी चार पिढ्या क्राउलींचं. लिहिलेलं कुठेच नाही. जो बेटावर राहतो तोच तिथे पिंजरे टाकतो, आणि एखाद्या घरचे बोये, म्हणजे पिंजऱ्यांच्या खुणेचे तरंगते ठोकळे, हंगामभर पाण्यावर दिसले नाहीत की शेजारी ते पाणी वाटून घेतात. दुष्टपणाने नव्हे, रिकामं पाणी कुणी ठेवत नाही, इतकंच. एकदा गेलेलं पाणी परत मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. रोंडा अठरा वर्षांची होईतो बापाकडे राहिली असती, तर परत येऊन तिला पिंजरे टाकायला समुद्र उरला नसता.

म्हणून सोळा पुरी झाल्यावर तिने कोर्टात अर्ज केला, की मला वडिलांच्या ताब्यातून मोकळं करा. आमच्या राज्यात तसं करता येतं. कागद मिळाला की सही तुमची, घर तुमचं आणि चुकाही तुमच्याच. मात्र स्वतःच्या पायावर उभी आहे हे दाखवावं लागतं. माझ्या शेडच्या माळ्यावर ती उन्हाळ्यापासून राहत होती, डेलची लहान बोट चालवत होती, शिकाऊ परवाना होता. घरमालकीण म्हणून तिने मला साक्षीला नेलं.

सुनावणी नोव्हेंबरात होती. जज्ज हॅस्केल हा बारीक, पडसं झालेला माणूस, दर पाच मिनिटांनी खोकल्याची गोळी तोंडात टाकणारा. मर्टन पहिल्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसला होता. मुलीबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "एक पोर समुद्राला दिलं, साहेब. दुसरं देणार नाही."

मग माझी पाळी आली.

"ही मुलगी तुमची भाडेकरू आहे?" जज्जने विचारलं.

"भाडेकरू कसली! मैत्रिणीच्या पोरीकडून भाडं घेणारी बाई दिसते का मी तुम्हाला?"

मागच्या बाकावरून आमच्या बेटावरचा शेवंडी धरणारा एलवूड खो खो हसला. जज्ज हसला नाही.

"बरं. मग जेवणाचं काय करते?"

मला वाटलं, या माणसाला एकदा दाखवावंच बेट म्हणजे काय असतं ते. मी सांगत सुटले. सोमवारी माझ्याकडचं चाऊडर, माशांचं दाट सूप. बुधवारी शाळेतल्या बाईंकडचा ॲपल-पाय. लाकडं एलवूड फोडून दाराशी रचून ठेवतो. लोकरीचे मोजे मी विणते, अंगातला कोट दुकानदारणीच्या मुलाचा. "जज्जसाहेब," मी म्हटलं, "हिला उपाशी झोपू देईल असं एक घर आमच्या बेटावर नाही!"

मोठ्या ऐटीत मी रोंडाकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

जज्जने लेखणी खाली ठेवली. "मिसेस टॉलमन, कायदा मला विचारतो की ही स्वतःच्या पायावर उभी आहे का. तुम्ही सांगताय की हिला अख्ख्या गावाने कडेवर घेतलंय."

"हेच तर मी म्हणतोय," मर्टन हळूच म्हणाला.

माझे कान लाल झाले. काही बोलायला गेले तर तिच्या वकिलाने, तो बिचारा पोरसवदाच होता, हातानेच मला बसवलं.

जज्जने बराच वेळ कागद चाळले. शेवटी म्हणाला, "मी आज नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. फेब्रुवारीत पुन्हा या. तोवर मुलगी बेटावर राहील. पण भाडं घ्यायचं. आणि जेवण, लाकूड, कपडा, कुणी काही फुकट द्यायचं नाही. समुद्रावर तुम्ही एकमेकांना हात देता त्यात मी पडत नाही. जमिनीवर मात्र नाही. आणि मिसेस टॉलमन, मी तुम्हालाच शपथेवर विचारणार आहे."

बाहेर पायऱ्यांवर मर्टन मला म्हणाला, "बोलावायलाही लागणार नाही मला. जानेवारीचा बर्फच तिला माझ्याकडे आणून सोडेल."

परतताना बोटीवर रोंडा माझ्यापासून लांब बसली. अर्धं अंतर कापल्यावर म्हणाली, "मावशी, एका वाक्यात तू मला पाळण्यात घातलंस."

"अगं, मी चांगलंच सांगत होते!"

"तेच ना."

दुसऱ्या दिवशी तिने माझी सात भांडी घासून-पुसून दाराशी आणून ठेवली. दर शनिवारी भाडं खिडकीच्या कठड्यावर ठेवू लागली. कोट परत गेला, तिने जुन्या बाजारातून बाप्याचा आणला, बाह्या दुमडून घालायची. बेटाने शब्द पाळला, आणि ते आम्हालाच जड गेलं. एलवूडने एकदा सवयीने लाकडं रचली, घरी जाऊन न्याहारीला बसला, आणि मग आठवण होऊन धावत येऊन एकेक ओंडका परत घेऊन गेला. रोंडा वरून बघत होती. "एलवूडकाका, एक राहिलाय बघा पायरीखाली!" तिने हाक मारली. त्याने तोही नेला.

पण हाच एलवूड. एक डिसेंबरला हंगाम उघडला, रोंडाने पूर्वेच्या पाण्यात पिंजरे टाकले, आणि आठवडाभरात एलवूडचे दोन बोये क्राउलींच्या हद्दीत तरंगताना दिसले. मी त्याला दुकानात गाठलं.

"लाटेने सरकले असतील," तो म्हणाला.

"दोन्ही? एकाच दिशेला?"

"व्हेरा, ती फेब्रुवारीत गेली तर कुणीतरी टाकणारच ना तिथे. मी निदान तिच्या बापाचा मित्र आहे."

असं होतं आमचं बेट. तिला उपाशी झोपू देणार नाही हे खरं, आणि तिचं पाणी रिकामं पडू देणार नाही हेही तितकंच खरं. रोंडाने त्याला काही विचारलं नाही. त्याच्या बोयांच्या दांड्यांवर तिने दोराची एकेक गाठ मारून ठेवली. आमच्याकडे त्याचा अर्थ सरळ आहे: बघितलंय, पुढच्या वेळी कापीन. एलवूडने दुसऱ्याच दिवशी बोये काढून नेले, आणि दुकानात ज्याला त्याला सांगत सुटला, "पोरीची गाठ बघा! आज्यासारखी मारते." त्याला त्याचा अभिमान वाटत होता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिची बोट बंदरातच राहिली. वारा नव्हता, सगळे गेले होते. पहिल्या दिवशी मी म्हटलं थकली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. मी चाऊडरचं भांडं घेऊन जिना चढले.

"रोंडा?"

"काय झालं?" आवाज जड होता.

"दार उघड. गरम आहे तोवर खा."

"परत ने, मावशी."

"कुणाला कळतंय!"

"तुला शपथेवर विचारणारेत."

"मी सांगेन की दिलं नाही."

आत ती हसली, आणि हसता हसता कण्हली. "तुला? खोटं? आईने तुला वाढदिवसाचं गुपित कधी सांगितलं नाही ते काय उगाच?"

मी दाराबाहेर उभी होते, भांड्याने हात पोळत होते. दार नुसतं लोटलेलं होतं. खांद्याने ढकललं असतं तरी उघडलं असतं. आत माझ्या मैत्रिणीची पोर थंडीत पडली होती, आणि तिला वाचवायचं म्हणजे तिला कोर्टात हरवायचं. मी खाली आले. ते चाऊडर मला गिळवलं नाही. नंतर किती वर्षं मी स्वतःला विचारलं, दार का ढकललं नाहीस म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच जिना उतरली. डावा हात टॉवेलात गुंडाळलेला. "पिंजऱ्यात आमिषाचे हेरिंग मासे भरताना काटा रुतला होता," ती म्हणाली. "टपालाच्या बोटीने डॉक्टरकडे चाललेय." टॉवेल सरकला तेव्हा मी पाहिलं. बोटं फुगून चकचकीत झाली होती, आणि मनगटावरून एक तांबडी रेघ वर निघाली होती.

मी माझा कोट चढवला.

"तू कुठे?"

"मला दोरा आणायचाय," मी म्हटलं. "माझं तिकीट मी काढतेय."

बोटीवर ती कुडकुडायला लागली तेव्हा मी माझा मफलर तिच्या गळ्यात घातला. तिने काढला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात उलटापालटा करून पाहिला. "हा उघडून साफ करावा लागेल. भूल द्यावी लागेल. वय किती?"

"सोळा."

"आई-वडील बरोबर आहेत?"

"मी स्वतः सही करते," रोंडा म्हणाली.

"तुला नाही करता येत, बाळा. कोर्टाचा कागद आहे?"

"फेब्रुवारीत मिळेल."

"मी करते सही," मी म्हटलं.

"तुम्ही हिच्या कोण?"

मी तोंड उघडलं. मावशी म्हणणार होते, पण ते नातं कागदावर कुठे होतं? कागदावर एकच होतं आणि तेही जज्जने लावून दिलेलं. "घरमालकीण," मी म्हटलं.

बाईंनी काळं पेन घेतलं आणि तांबड्या रेघेच्या टोकाशी तिच्या दंडाकडे जाणाऱ्या हातावर एक आडवी खूण केली. "सुईने औषध चालू करते. जिवावर बेतलं तर मी कुणाच्याही सहीची वाट बघणार नाही. पण अजून बेतलेलं नाही, आणि तोवर माझे हात बांधलेत. वडिलांना फोन लावा."

मर्टन यंत्रावर होता. गिरणीतल्या माणसाने निरोप देतो म्हणून सांगितलं. पाऊण तासाने उलट फोन आला, की तो निघालाय. बाहेर बर्फ पडू लागला होता.

त्यानंतर आम्ही दोघी त्या काळ्या खुणेकडे बघत बसलो. आयुष्यात मी समुद्रावर गेलेल्या माणसांची पुष्कळ वाट पाहिलीय. गाडीने येणाऱ्या माणसाची अशी कधी पाहिली नाही. रेघ खुणेला टेकली. मग ओलांडून गेली. बाईंनी दुसरी खूण केली, पहिलीच्या दोन बोटं वर. आता त्याही दर दहा मिनिटांनी येऊ लागल्या.

"मावशी," रोंडा म्हणाली, डोळे मिटूनच, "हात गेला तर एका हाताने पिंजरा ओढता येईल का गं?"

"काही जात नाही हात."

"तुला खोटं बोलता येत नाही."

रेघ दुसऱ्या खुणेपाशी आली तेव्हा बाई उठल्या, परिचारिकेला म्हणाल्या, "तयारी करा, मी थांबत नाही," आणि त्याच वेळी दार उघडून मर्टन आत आला. टोपीवर बर्फ, अंगावर गिरणीचे कपडे. त्याने कागद वाचला नाही. सही करताना कागद फाटून पेन आरपार गेलं.

तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी तोंडात येईल ते बोलले. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता सांग जज्जला, बर्फाने आणून सोडली म्हणून."

त्याने टोपी काढली. "किती वेळ थांबली ती?"

"दोन तास पंचेचाळीस मिनिटं."

"यंत्र सोडता येईना. बदली माणूस यायला वीस मिनिटं लागली." त्याने हात पुढे करून पाहिले. "डेलच्या वेळी मी चार हातांवर होतो, व्हेरा. हात पुरला नाही. म्हणून हिला पाण्यापासून लांब नेत होतो. आणि आज लांब मीच होतो."

मी बाकावर त्याच्याजवळ सरकले.

हात वाचला. अनामिकेचं शेवटचं पेर मात्र कायमचं ताठ राहिलं. तीन आठवडे तिला बोट बाहेर काढता आली नाही. त्या काळात ती माझ्याकडून उजव्या हाताने जाळ्या विणायला शिकली, डाव्या तळव्याने नुसती दाबून धरायची, आणि नगावर मजुरी घ्यायची. पिंजऱ्यांचं मात्र एलवूडने केलं. "समुद्रावरचा हात आहे," तो म्हणाला. "जज्जनेच सांगितलंय." पकडलेली एकेक शेवंड तिला आणून दिली, आणि बोये होते तिथेच ठेवले.

फेब्रुवारीत जज्जचं पडसं गेलेलं होतं. मी शपथ घेतली.

"तीन महिन्यांत मुलीला काही फुकट दिलंत?"

"चाऊडर वर नेलं होतं. तिने दार उघडलं नाही. परत आणलं."

"आणखी?"

"मफलर. बोटीवर. तासभर."

"परत घेतलात?"

"दवाखान्यातून निघताना."

त्याचे ओठ किंचित हलले. पण पुढच्या कागदावर आल्यावर तो गंभीर झाला. "हात बिघडला. तिसऱ्या दिवशी ही डॉक्टरकडे गेली. मग वडिलांना बोलवावं लागलं. मिस क्राउली, पहिल्या दिवशी का गेली नाहीस?"

रोंडा उभी राहिली. वकिलाने तिला काहीतरी पढवलं होतं, ते ती बोलली नाही. "चुकलं माझं. कुणाकडे काही मागायचं नाही हे इतकं डोक्यात बसलं होतं, की डॉक्टरकडे जाणंही मागणंच वाटलं. आता नाही वाटत."

"ही चूक लहान नाही."

"नाही, साहेब." तिने हात मागे लपवला नाही.

जज्ज खुर्चीत मागे टेकला. "मला यातून एवढंच दिसतं," तो म्हणाला, "की अडचणीच्या वेळी हिला बाप लागला."

"बाप नाही लागला, साहेब." मर्टन उभा होता. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "बापाची सही लागली. मी काय केलं तिथे? हात धुतला नाही, औषध दिलं नाही. नाव लिहिलं. त्या नावासाठी ती पावणेतीन तास जळत बसली. पेनच्या दोन खुणा होत्या हातावर, मी बघितल्या. तिची सही चालली असती तर पहिली खूणही करावी लागली नसती." तो थांबला. "मी विरोध मागे घेतो."

"तुमची भीती गेली?"

"नाही. पण भीती माझी आहे. तिने ती आपल्या हातावर का सोसावी?"

जज्जने पुन्हा पहिल्यापासून कागद वाचले, एकेक पान. मग सही केली आणि कागद कारकुनाकडे न देता सरळ रोंडाच्या बाजूला सरकवला. "खाली तुझी," तो म्हणाला.

बाहेर बोळात आम्ही तिघं उभे होतो. मर्टन टोपी हातात फिरवत होता. सोळा वर्षांत त्याने मुलीला काही विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. तो सांगत असे.

"एखाद्या रविवारी येऊ का?" तो म्हणाला.

रोंडाने लगेच हो म्हटलं नाही. खरोखर विचार केला, बोटांवर आठवडे मोजले. "मार्चच्या दुसऱ्या रविवारी या, बाबा. त्याच्या आधी मला जमणार नाही."

"दुसऱ्या," तो म्हणाला. त्याने खिशातून गिरणीच्या पाळ्यांचा कागद काढला, भिंतीला टेकवला आणि ती तारीख लिहून घेतली.